एकाच बाईच्या दोन नोंदी

संकेश्वर–बांदा रस्ता गडहिंग्लजवरून आजऱ्यात येतो आणि पुढे आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोव्याच्या वेशीला भिडतो. या रस्त्याच्या खालच्या अंगाला, गोव्याच्या बारदेश तालुक्यात, गेल्या पंचवीस वर्षांत बायकांच्या मनःस्वास्थ्यावर असं संशोधन झालं की त्याचे दाखले आज जगभर दिले जातात. वरच्या अंगाला, कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, टाकलेल्या बायकांचे, विधवांचे, दारूने गांजलेल्या घरांचे लढे झाले. संशोधकांच्या लेखांत या लढ्यांची नावं सहसा सापडत नाहीत, आणि लढणाऱ्यांच्या भाषणांत ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दप्रयोग क्वचित. आजरा या दोहोंच्या मधे आहे आणि तिथल्या बाईला दोन्हीकडचं लागू पडतं. म्हणून हा आढावा दोन्हीकडचा आहे.

प्रजननक्षम वय म्हणजे सरकारी हिशेबात पंधरा ते एकोणपन्नास. या पस्तीस वर्षांत पाळी येते, लग्न होतं, घर बदलतं, बाळंतपणं होतात, बहुतेकींची नसबंदीही याच काळात उरकते. या वयातल्या बाईचं मन बिघडलं की आधी गर्भाशयाकडे बोट दाखवायचं, ही वैद्यकाची जुनी सवय. ती अगदीच निराधार नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भास-भ्रमांसकट येणारा तीव्र आजार हजारात एक-दोघींना होतो. तिथे घरगुती समजुतीचा काही उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि तोही तातडीने. पण उरलेल्या प्रचंड मोठ्या गटाचं काय? ज्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, कशातच रस वाटत नाही, आणि तरीही ज्या पहाटे उठून भाकऱ्या थापतात, त्यांचं दुखणं संप्रेरकांनी पुरतं उलगडत नाही.

हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या पाहणीने. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांचं पुस्तक १९७८चं. संकट आलं की प्रत्येक बाई खचत नाही. मग कोण खचते? त्यांना चार गोष्टी सापडल्या. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं, मनातलं बोलायला हक्काचं माणूस नसणं, घराबाहेर काम नसणं, आणि अकरा वर्षांची व्हायच्या आत आई गमावलेली असणं. यातली शेवटची गोष्ट नशिबाची. बाकीच्या तिन्ही घराच्या आणि समाजाच्या मांडणीच्या.

गोव्यातलं काम याच वाटेवरचं, पण आपल्या माणसांतलं. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आसिलो रुग्णालयात गरोदर बायकांची नोंद घेऊन बाळंतपणानंतर त्यांचा पाठपुरावा केला. २००२मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाळंतिणींना नैराश्याचा आजार होता, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळायला लागलेलं होतं. म्हणजे आजार बाळंतपणाने आणला असं म्हणण्यापेक्षा तो बाळंतपणापर्यंत कुणी पाहिला नाही, असं म्हणणं जास्त खरं. कारणांच्या यादीत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं नातं होतं, मारहाण होती. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट होती: मुलगा हवा असताना मुलगी होणं. याच पाहणीत आणखी एक धागा सापडला. नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाला कमी भरत होती. कुपोषणाच्या बैठकांतून खिचडी, अंडी, केळी यांचा खल होतो. आईच्या मनाचा विषय तिथे अजून पाहुण्यासारखाच येतो. पुढे २०१७मध्ये देशभरातल्या ३८ पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज २२ टक्क्यांचा निघाला, म्हणजे म्हापशाचा आकडा एखाद्या गावचा अपवाद नव्हता.

दुसरी पाहणी गोव्यातल्याच हळदोण्याची. यात बाळंतिणी नाहीत. अठरा ते पन्नास वयाच्या, गावात राहणाऱ्या २,४९४ बायका आहेत. २००६मध्ये ती प्रसिद्ध झाली. नैराश्य-चिंतेसारख्या आजारांचं प्रमाण ६.६ टक्के निघालं. आकडा लहान वाटेल, पण हळदोणे हे शिकलेलं, बऱ्यापैकी सुस्थितीतलं गाव आहे आणि निदानाची फूटपट्टी कडक होती. महत्त्वाचं आहे ते कुणाला, हे. नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती सोसणाऱ्यांत आजाराची शक्यता दुपटीहून जास्त. घरच्यांचा आधार नसणाऱ्यांत तशीच दुपटीच्या वर, आणि ज्यांच्या हातात घरातला निर्णय नाही त्यांच्यात जवळपास दुप्पट. विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्यांत ती पाचपटीच्या घरात. या शेवटच्या आकड्यावर मात्र फार रेलू नये. नमुन्यात अशा बायका थोड्या असल्यामुळे तो सैल आहे. दिशा खरी, माप ढोबळ. याच बायकांकडे वर्षभराने पुन्हा जाऊन नव्याने आजारी कोण पडलं तेही पाहिलं, तेव्हा गरिबी, जुनी शारीरिक दुखणी आणि तंबाखू यांच्या जोडीला आणखी एक धोका वर आला: अविवाहितांपेक्षा विवाहित असणं. लग्न झालं की पोरगी ‘मार्गी लागली’ म्हणणाऱ्या समाजाने हा निष्कर्ष दोनदा वाचावा. तंबाखूचं तर आजरा-चंदगडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. मिश्रीची डबी चुलीपाशीच असते, आणि ती दातांसाठी लावली जाते हे अर्धंच सत्य आहे.

पण हळदोण्याच्या पाहणीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला वाटते ती पांढरं जाण्याविषयीची. प्राथमिक आरोग्य केंद्रात या वयाची बाई येते ती ‘मन लागत नाही’ असं सांगत येत नाही. ती सांगते: पांढरं जातंय, कंबर धरलीय, अंगात ताकद नाही. डॉक्टरांनाही गर्दीत सोपं पडतं. लक्षणावरून उपचाराची पद्धत ठरलेली आहे, अंगावरून पांढरं जाण्यासाठी हिरव्या रंगाचं किट आहे, गोळ्या देऊन बाई मोकळी. गोव्याच्या संशोधकांनी तक्रार करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोघींच्याही तपासण्या केल्या. जंतुसंसर्गाचा आणि तक्रारीचा संबंध जेवढा असायला हवा होता तेवढा निघाला नाही. मनाच्या आणि घरच्या ताणाचा संबंध त्याहून घट्ट निघाला. सतत थकवा वाटण्याच्या तक्रारीचंही तसंच. याचा अर्थ तक्रार खोटी, असा अजिबात नाही. संसर्ग असतो तेव्हा तो बराच करायला हवा. अर्थ एवढाच की ज्या खोलीबाहेर ‘स्त्रीरोग’ अशी पाटी आहे, त्याच खोलीत तालुक्यातल्या नैराश्याचा बराच मोठा भाग रांगेत उभा आहे आणि गोळ्या घेऊन परत जातो आहे.

आता घाट चढून आजऱ्यात यायचं तर हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत. आजरा म्हणजे हिरण्यकेशीचं खोरं, घनसाळ भाताची लावण, ऊस, काजूच्या बागा आणि काजू फोडणाऱ्या बायकांचे कारखाने. आणि आजरा म्हणजे मुंबई. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या तालुक्यांनी गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली. पुरुष गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत, बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी. शेत तिने राखायचं, म्हातारी माणसं तिने सांभाळायची, आणि मनिऑर्डर बहुतेक वेळा यायची ती सासऱ्याच्या नावावर. नवरा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. नवरा घरी नसल्यामुळे बाई स्वतंत्र झाली, असं शहरातल्या अभ्यासकांना कधीकधी वाटतं. तिच्यावर कामाचा अधिकार आला, निर्णयाचा आला नाही. हळदोण्याच्या भाषेत सांगायचं तर नवऱ्याचा आधार लांब आणि हातात निर्णय नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच घरात. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पुरुष गावी परतले, आणि पैसा थांबलेल्या घरात रिकामा बसलेला नवरा आला. गिरणी संपाचा इतिहास कामगारांच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला. त्या वर्षांत गावच्या चुलीपाशी काय झालं, याची पानं त्यात कमी आहेत. आज गिरण्या नाहीत, पण पुणे, मुंबई, गोवा आहेतच. मनिऑर्डरच्या जागी मोबाइल आला. नवऱ्याशी रोज बोलणं होतं हे खरं, आणि कुठे गेली होतीस हेही रोज विचारता येतं.

काजूचा कारखाना किंवा बचतगट यांच्याकडे मी याच नजरेने पाहतो. ब्राउन-हॅरिसच्या यादीत घराबाहेरचं काम हे संरक्षण आहे. आपल्याकडे ते होतं की नाही, हे पगार कुणाच्या हातात जातो त्यावर ठरतं. दिवसभर बसून काजू फोडायचे, हाताला टरफलाचं तेल लागून कातडी सोलवटायची, आणि शनिवारचे पैसे घरच्या हप्त्यात वळते व्हायचे, तर त्याला संरक्षण म्हणणं कठीण. पण त्याच कारखान्यात शेजारी बसलेली बाई असते. ‘मनातलं बोलायला हक्काचं माणूस’ अनेकींना तिथेच मिळतं, हेही विसरून चालणार नाही.

माहेराचंही एक कोडं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना आईच्या हातचं, अळिवाची खीर, शेकशेगडी: ही रीत मनाला जपणारी आहे यात शंका नाही. पण आपली सगळी बाळंतिणीची देखरेख याच काळात आटपते. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. नैराश्य मोजायची प्रचलित वेळही सहा आठवड्यांची. म्हणजे बाई जेव्हा सर्वांत सुरक्षित असते तेव्हा तिच्याकडे आपण पाहतो, आणि ती बाळ घेऊन सासरी जाते, भाताची लावण किंवा ऊसतोड समोर असते, रात्री बाळ झोपू देत नाही आणि सकाळी कुणी उठू देत नाही, तेव्हा तिची नोंद एका गावच्या वहीतून दुसऱ्या गावच्या वहीत जायच्या वाटेवर असते. तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा भेटी सुरू होतात खऱ्या, पण त्यांचा सगळा रोख बाळाची वाढ आणि वरच्या आहारावर.

मुलगाच हवा, या हट्टाचा कोल्हापूरशी संबंध जुना आणि लाजिरवाणा. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी आणि लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला, त्याची देशभर चर्चा झाली. २०११मध्ये आकडा ८६३पर्यंत आला. यंत्रावर नजर ठेवणं योग्यच होतं. परंतु मुलगी वाचवण्याच्या या सगळ्या मोहिमेत दुसरी मुलगी झालेल्या बाईकडे, तिच्या खाटेपाशी येऊन ‘असू दे, पुढच्या खेपेला’ म्हणणाऱ्या घराकडे कुणी वळलं नाही. म्हापशाची पाहणी तेव्हा छापून आलेली होती. ती कोल्हापुरात कुणी वाचली असती तर मोहिमेला आणखी एक पाय फुटला असता.

आता दुसरी नोंद, लढ्यांची. सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने, कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी, १९८०च्या दशकात परित्यक्तांना संघटित केलं. त्याच सुमारास संगमनेरला समता आंदोलनात निशा शिवूरकरांनी हा प्रश्न धरला. मागण्या साध्या होत्या: स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, पोटगी. शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम १९९०च्या आसपासची. तिने बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायला शेतकऱ्यांना तयार केलं. गावोगावच्या दारूबंदीच्या मतदानांत ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं चिन्ह घेऊन बायका रांगा लावून उभ्या राहिल्या. आणि मे २०२२मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मेला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे करावं असं सुचवलं.

या यादीशेजारी हळदोण्याची यादी ठेवून पाहावी. वैधव्य आणि विभक्तपणा, आधाराचा अभाव, निर्णयाचा अभाव, हिंसा, आर्थिक ओढाताण. रेशनकार्ड, ग्रामसभेचा ठराव, सातबारा, पोटगी, आडवी बाटली. संशोधकांनी जी कारणं गणिताने शोधली त्यांच्यावरच या बायका आधीपासून घाव घालत होत्या. माझ्या मते हेरवाडचा ठराव हा सामाजिक सुधारणेच्या रकान्यात जेवढा बसतो तेवढाच मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात बसतो. नवरा गेल्याच्या दिवशी चार बायकांनी मिळून बांगड्या फोडणं म्हणजे आधार सर्वांत जास्त हवा त्या क्षणी तो काढून घेण्याचा समारंभ आहे. मात्र आरोग्य खात्याने हा ठराव कधी आपला मानला नाही, आणि चळवळींनीही आपल्या कामाने बायकांची झोप सुधारली का, हे मोजायचं मनावर घेतलं नाही. दोघांचंही नुकसान झालं.

उसाच्या फडातली गोष्ट याहून कडू. कोल्हापूरच्या कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या टोळ्यांत बीडच्या बायका मोठ्या संख्येने असतात. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, अंगावरून जाणं थांबत नाही, खासगी दवाखान्यात भीती घातली जाते. तिशीपस्तिशीत पिशवी काढून टाकतात, आणि सोबत बीजकोश गेले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात. घाम, निद्रानाश, चिडचिड, उदासी. इथे संप्रेरकांचा दोष आहेच, पण त्या संप्रेरकांना तिथवर पोचवलं ते मुकादमाच्या उचलीने आणि खाड्याच्या दंडाने.

आत्महत्यांचे आकडे थोडक्यात, कारण त्यांचं भांडवल करू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात देशभरात पंचेचाळीस हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गृहिणी. एकूण आत्महत्यांत महाराष्ट्र त्या वर्षी पहिला होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या विशी ते चोविशीच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं आणि लग्न झालेल्यांपैकी चौघींत एकीने नवऱ्याची मारहाण सांगितली. निमहान्स या संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

मग करायचं काय, याची उत्तरं महागडी नाहीत. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांनाच समुपदेशन शिकवलं. २००८च्या निष्कर्षांत सहा महिन्यांनंतर सेविका भेटलेल्या बायकांत २३ टक्के नैराश्यात राहिल्या, इतरांत ५३ टक्के. युक्ती अशी की विषय बाळाच्या तब्येतीचा काढायचा, मग सासूही ओसरीवर येऊन बसते. गोव्यात हाच प्रयोग गावातल्या साध्या बायकांना ‘सखी’ करून झाला. २०१९च्या निकालात बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं, पण फरक रावळपिंडीएवढा मोठा नव्हता. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच माणसांना ऐकायला शिकवलं, पुण्याच्या वस्त्यांत भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने याच धर्तीवर काम उभं केलं. दावर यांचा आग्रह असा होता की बाईचं दुःख आजार ठरवून तिच्या हाती गोळी देण्याआधी तिच्या जगण्याकडे पाहा. हा आग्रह मला पटतो, आणि सखीबद्दलची माझी एक शंका त्यातूनच येते. ऐकणारं माणूस मिळालं की जीव हलका होतो. पण समुपदेशन जर शेवटी ‘तूच समजून घे’ इथे येऊन थांबणार असेल, तर ते सासरचंच काम झालं. सखीच्या पिशवीत कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा, पोलीस ठाण्यातल्या महिला विशेष कक्षाचा पत्ताही असायला हवा, तरच ती सखी.

औषधाची गरज असलेल्या बाईला आजऱ्यातून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं म्हणजे ऐंशीएक किलोमीटर आणि एक बुडालेली हजेरी. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये असं सांगितलं, ही चांगली तरतूद; पण माय-लेकरांना सोबत ठेवायला खाट लागते. ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्या घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, तिथे या क्रमांकाचा उपयोग दिवसा, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून.

सरकारकडे मनाविषयी विचारायचे प्रश्न नाहीत असंही नाही. रक्तदाब-मधुमेहासाठी आशाताई जो सामुदायिक तपासणी फॉर्म भरतात, त्याच्या शेवटच्या भागात नैराश्याचे दोन छोटे प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटलं का. फक्त तो फॉर्म भरायचा तो तिशी ओलांडलेल्यांचा. विशीतली, नुकती सासरी आलेली, दुसऱ्यांदा गरोदर असलेली बाई त्या वयोमर्यादेच्या अलीकडेच राहते. आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात हेच दोन प्रश्न हिरवं किट हातात देण्याआधी विचारले, आणि त्यांना जोडून ‘घरी कुणी मारतं का’ हा तिसरा, तर नवा निधी लागत नाही, नवं पद लागत नाही. लागतं ते एवढंच की त्या वेळी सासूला दोन मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवायचं, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढे कुणाला फोन करायचा ते आधी ठरवून ठेवायचं.